उशीशिवायचा बकासुर

आम्ही डोंबिवलीत राहायला आलो तेव्हा तिथे अजून गावपण शिल्लक होतं. स्टेशनातून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर भाताची खाचरं लागत. पाणी विहिरीचं, दिवे रॉकेलचे, आणि चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला दुसऱ्या बिऱ्हाडात काय शिजतंय ते वासावरून कळायचं. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. आमच्या चाळीच्या टोकाच्या खोल्यांत वामनराव ओगले राहत. कल्याण स्टेशनच्या मालधक्क्यावर ते कारकून होते.

नव्या माणसाने ओगल्यांचा पत्ता विचारला की सांगणारा आधी हसायचा, मग दोन्ही हात अंगापासून लांब धरून म्हणायचा, "म्हणजे ते ना?" वामनराव तसेच होते. उंची बेताची, रंग गोरा, चेहरा देखणा म्हणावा असा, आणि त्याखाली तो प्रचंड देह. दारातून आत येताना ते किंचित तिरपे होत. कुणाकडे बसायला गेले की खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती हलकेच दाबून बघत आणि "हिचा विमा उतरवलाय ना?" असं म्हणून बसत. घरातले हसत. ते हसेपर्यंत वामनराव त्यांच्याकडे बघत राहत आणि हसले की मगच स्वतः हसत. ही त्यांची सवय माझ्या बरीच उशिरा लक्षात आली. समोरचा काही बोलायच्या आत आपल्या अंगावरचा विनोद ते स्वतःच करून टाकत.

"आमचं शरीर म्हणजे सार्वजनिक मालमत्ता आहे, मास्तर," ते मला म्हणत. "येणाऱ्या-जाणाऱ्याने मत द्यायचं. तोच नियम आहे."

ह्या देहात आवाज मात्र असा होता की रविवारी सकाळी ते ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागले, की बायका विहिरीवरून येता येता कळशी कमरेवर ठेवून उभ्या राहत. साधी बाजारभावाची बातमीही ते अशी वाचत की ऐकावीशी वाटे. पाठांतर विलक्षण होतं. आमच्या हौशी नाट्यमंडळात मी प्रॉम्प्टर होतो, म्हणजे विंगेत उभं राहून विसरलेल्यांना वाक्यं पुरवायचं माझं काम. वामनरावांना मी कधी एक शब्द पुरवला नाही. उलट मीच पान उलटताना चुकलो तर ते रंगमंचावरून डोळ्याने खुणावत.

एवढा आवाज आणि एवढी स्मरणशक्ती असलेल्या माणसाला मंडळाने एकच भूमिका दिली होती, बकासुराची.

मंडळाचे सर्वेसर्वा तात्या फणसे. नाटक तेच लिहीत, तेच बसवत आणि पडद्याची दोरीही बऱ्याचदा त्यांच्याच हातात असे. गणेशोत्सवात त्यांचं बकासुराचं नाटक दरसाल व्हायचं. त्यात बकासुराचं एक लांबलचक स्वगत होतं. पहिल्या वर्षी वामनरावांनी ते म्हणायला सुरुवात केली, पण ते पाऊल टाकत होते तसं पोट हलत होतं, आणि मांडव हसून हसून लोटपोट होत होता. एकही शब्द कुणाला ऐकू गेला नाही. दुसऱ्या वर्षी तात्यांनी स्वगत कापलं.

"ओगल्या, तू बोलूच नकोस," ते म्हणाले. "तू नुसता ये, उभा राहा, आणि पोट हलव. लोक त्यासाठीच येतात."

वामनराव म्हणाले, "बरं." आणि एक विनोदही केला, तो आता आठवत नाही.

ते खात होते ते आपल्या भुकेसाठी नव्हतं, हे मला ठाण्यातल्या एका लग्नात कळलं. धान्याचं आणि साखरेचं नियंत्रण नुकतंच सैल झालं होतं, आणि इतकी वर्षं आटपशीर जेवणावळी घातलेले लोक हौस भागवून घेत होते. टेंभी नाक्याजवळ मांडव होता. नवऱ्या मुलाचा मामा वामनरावांना ओळखत होता. तिसरी पंगत उठत आली तेव्हा त्याने जिलब्यांची परात मागवली आणि जाहीर केलं, "आता ओगले खाऊन दाखवतील." त्या पंगतीतली माणसं हात न धुताच भोवती गोळा झाली. वाढपी एकेक जिलबी पानावर टाकी आणि सगळे मिळून मोठ्याने मोजत. वामनराव मिश्या पुसत, डोळे मिटून मान डोलवत, मधेच वाढप्याला "दमलास का रे?" विचारत. परात संपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते पांगले.

थोड्या वेळाने मी हात धुवायला मागच्या अंगाला गेलो. विहिरीच्या कठड्याला पाठ टेकून वामनराव बसले होते. चेहरा घामाने डबडबला होता आणि सदऱ्याची वरची गुंडी सोडलेली होती.

"बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"मास्तर," ते हळू म्हणाले, "मला जिलबी आवडत नाही. पहिल्या दोन-तीन बऱ्या लागतात. पुढे चवच कळत नाही."

"मग नाही म्हणायचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी पोरकट बोललो आहे असं मला वाटलं. "नाही म्हटलं तर मला बोलावतील कशाला?" ते म्हणाले, आणि हात धरून उठवा म्हणून हात पुढे केला.

पुढच्या गणेशोत्सवात मात्र भलतंच घडलं. दिवेलागणीनंतर नाटक सुरू झालं होतं. शेवटच्या अंकात भीम आणि बकासुर ह्यांची झुंज होती. भीम झालेला पोरगा तरणा होता. तो वामनरावांना रंगमंचभर फिरवत होता, आणि लोक ओरडून ओरडून आणखी मागत होते. एकाएकी वामनराव गुडघ्यावर आले. एक हात जमिनीवर टेकला, मग कोपर टेकलं, मग ते कुशीवर कलंडले. मांडवात एवढा हशा उसळला की पेट्रोमॅक्सच्या बत्तीचा आवाज ऐकू येईना. पडणं नाटकातच होतं, पण ते नंतर, गदेचा घाव बसल्यावर. मी विंगेत होतो म्हणून मला त्यांचे ओठ दिसले. ते निळसर पडले होते. छाती वरखाली होत होती आणि डोळे माझ्याकडे लागले होते.

"तात्या, पडदा," मी म्हणालो.

"थांब, रंगलंय," तात्या म्हणाले.

मी त्यांच्या हातातून दोरी ओढून घेतली आणि पडदा पाडला. बाहेर "पुन्हा, पुन्हा" असा गजर चालला होता. आत वामनरावांच्या तोंडावर पाणी मारत त्यांची बायको इंदूताई बसली होती. ती बायकांच्या बाजूने कधी धावत आली ते कुणाला कळलं नव्हतं. वामनरावांना बोलता यायला लागलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "हसताहेत का अजून?"

"हसताहेत," इंदूताई म्हणाली. "ऐका तुम्ही. नीट ऐका." एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला.

दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना कल्याणला डॉक्टर सबनिसांकडे नेलं. सोबत मी होतो. सबनीस तरुण होते, बोलायला शांत, आणि घाई मुळीच करत नसत. त्यांनी छाती तपासली, लघवी तपासली, गुडघे दाबून पाहिले. वजनाच्या काट्यावर उभं केलं तर काटा टोकाला जाऊन अडकला. तेव्हा डॉक्टर स्वतः आमच्याबरोबर मालधक्क्यावर आले. दुपारची वेळ होती. माल तोलायच्या मोठ्या काट्यावर वामनराव चढले, तसे दोन हमाल जवळ आले. डॉक्टरांनी त्यांना हाताने लांब जायला सांगितलं. वजन पाहून त्यांनी ते हलक्या आवाजात वामनरावांना सांगितलं.

"म्हणजे पार्सल म्हणून पाठवायचं तर भाडं बरंच पडेल," वामनराव म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले.

डॉक्टर हसले नाहीत. "खाली या," ते म्हणाले. "सावकाश. गुडघ्याला जपून."

वामनराव उतरले. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. विनोद केल्यावर समोरचा हसला नाही तर पुढे काय करायचं हे त्यांना माहीतच नव्हतं.

दवाखान्यात परतल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "आजवर काय काय करून पाहिलंत?"

वामनरावांनी सगळं सांगितलं. सकाळी लिंबू-मध. जाहिरातीतल्या गोळ्या, ज्यांनी आठवडाभर पोट बिघडलं. आणि उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय एकादश्या.

"उपासाला काय खाता?"

"साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शिंगाड्याचा शिरा, रताळी, केळी," इंदूताईने सांगितलं. "तेवढंच."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी भूक सपाटून लागते हो," वामनराव म्हणाले.

"मग उपास बंद करा," डॉक्टर म्हणाले.

इंदूताई दचकली. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. एक दिवस पोटाला फसवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याने वचपा काढायचा, ह्यात शरीर फक्त साठवायला शिकतं. मग त्यांनी वामनरावांच्या वडिलांविषयी विचारलं. वडील असेच जाडजूड होते आणि मधुमेहाने गेले.

"तर ऐका. हा बांधा तुम्हाला घरातून आलाय, त्यात तुमचा दोष नाही. तुम्ही सडपातळ कधी होणार नाही, आणि ते आपल्याला करायचंही नाही. पण काल जे झालं ते हृदयाला ओझं झेपलं नाही म्हणून झालं. त्यातलं काही ओझं उतरवता येतं. सावकाश. वर्षं लागतील. चालेल?"

"आळशीपणाबद्दल काही बोलणार नाही?" वामनरावांनी विचारलं.

"तुम्ही आळशी आहात का?"

"सगळे म्हणतात."

"मी तुम्हाला विचारतोय."

वामनरावांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही. मला दम लागतो, म्हणून मी बसतो. बसलो की लोक काहीतरी खायला आणून देतात."

डॉक्टरांनी पथ्य सांगितलं ते इतकं साधं होतं की इंदूताईला फसवल्यासारखं वाटलं. दोन्ही वेळा वेळेवर, घरचंच जेवायचं. ताटात भाजी आणि कोशिंबीर पुष्कळ, आमटी, भाकरी, आणि भात एक वाटी. तळलेलं आणि गोडधोड सणापुरतं, तेही चव कळेल एवढंच. चहात साखर कमी. घास चावून खायचा, खाताना बोलायचं नाही. रोज चालायचं, आधी दम लागेल तिथपर्यंत, मग त्याच्या थोडं पुढे. झोप पुरी. वजन महिन्यातून एकदा.

"आणि मधे मला वजन सांगायला येऊ नका," डॉक्टर म्हणाले. "कल्याण स्टेशनचा पूल चढताना मधे थांबावं लागतं का, तेवढं सांगा."

घरी आल्यावर इंदूताई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन माझ्या बायकोजवळ रडली. "मी जे घातलं तेच खाऊन हे असं झालं का? इतकी वर्षं मी ह्यांना मारत होते का?" तिला मूल नव्हतं. नवरा दमून आला की त्याच्या पानावर काही गरम वाढणं एवढाच तिचा आनंद होता. ते तूप, तो दुसरा भात, ती मागून आलेली पुरणपोळी, सगळं तिचं प्रेम होतं. वामनराव दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि आत येऊन म्हणाले, "अगं, तू वाढलंस म्हणून मी जगलो. आता थोडं कमी वाढ म्हणजे आणखी जगेन." त्यात विनोद नव्हता. ती डोळे पुसून उठली आणि त्या दिवसापासून तिने वाढायची पद्धत बदलली. पातेली चुलीपाशी ठेवायची, पानापाशी नाही.

चालायला सुरुवात झाली ती विहिरीपर्यंत. चाळीतली पोरं मागून त्यांच्या चालीची नक्कल करत जात. वामनराव पहिल्या दिवशी त्यांच्यासाठी मुद्दाम डुलले, दुसऱ्या दिवशी डुलले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून इंदूताई बरोबर निघाली. त्या काळी नवरा-बायकोने कामाशिवाय सकाळी उठून चालायला जाणं म्हणजे चर्चेचा विषय होता. "कुठे निघाले दोघं?" असं बायका विचारत. इंदूताई सांगायची, "ठाकुर्लीला." ठाकुर्ली म्हणजे पुढचं स्टेशन. प्रत्यक्षात तेव्हा ते गावाबाहेरच्या आंब्यापर्यंतच पोचत. पण ती ठाकुर्ली म्हणत राहिली, आणि हिवाळ्याच्या अखेरीस ते खरोखरच बांधाबांधाने ठाकुर्लीला जाऊन आले. परतताना तिच्या ओच्यात हरभऱ्याचे डहाळे होते. त्या सकाळी दोघांनी चाळीतल्या प्रत्येक दारात थोडे थोडे वाटले, बारसं असल्यासारखे.

सगळं असं सरळ गेलं नाही. दिवाळीत फराळाची ताटं आली. एका दुपारी मी गेलो तर वामनराव चिवड्याचा रिकामा डबा पुढे घेऊन बसले होते. "कल्याणला गुदामाचा साहेब सगळ्यांसमोर काहीतरी बोलला," ते म्हणाले. "घरी आलो आणि डबा उघडला. कधी संपला ते कळलं नाही. मास्तर, माझं काही व्हायचं नाही." त्या महिन्यात वजन पुन्हा वाढलं. ते डॉक्टरांना सांगायला गेले तेव्हा शिक्षेची वाट बघावी तसे उभे राहिले.

"मग?" डॉक्टर म्हणाले. "उद्या चालायला जाणार आहात ना?"

"जाईन."

"झालं तर. साहेब बोलला तेव्हा भूक होती का?"

"नव्हती. राग होता."

"पुढच्या वेळी राग आला की आधी पूल चढून या. मग भूक आहे का बघा."

मालधक्क्यावरच्या लोकांना नंतर सवयच झाली. ओगले कारकून मधेच उठून तरातरा पुलाकडे निघाले की ते ओळखत, साहेब काहीतरी बोललेला दिसतोय.

खाणं बदलणं त्यांना जड गेलं, पण त्याहून जड गेलं विनोद सोडणं. हे त्यांनीच मला सांगितलं. विनोद केला की लोक हसत, हसले की वाढत, वाढलं की खावं लागे. त्यांनी पहिल्यांदा एका मुंजीत साधेपणाने "मला नको" म्हटलं, तेव्हा वाढपी पुढच्या विनोदाची वाट बघत पळीत बासुंदी घेऊन उभाच राहिला. वामनराव त्याच्याकडे शांतपणे बघत राहिले. शेवटी तो पुढच्या पानाकडे गेला. "माझ्या पायाला घाम सुटला होता," ते नंतर म्हणाले. "एवढी भीती मला कधी रंगमंचावर वाटली नाही."

दोनेक वर्षं गेली असतील. वामनराव अजून जाडच होते, पण अंगरखे दोनदा आत घ्यावे लागले होते, आणि चाल बदलली होती. पूल ते एका दमात चढत. मधल्या काळात त्यांनी नाटकात काम केलं नव्हतं, डॉक्टरांनी मनाई केली होती. तात्यांनी दुसऱ्या कुणाकुणाला बकासुर करून पाहिलं, पण लोक ओगल्यांचीच चौकशी करत. शेवटी तात्या चाळीत आले. ओट्यावर बसलेल्या वामनरावांना त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे काय करून घेतलंस ओगल्या? अरे, तुझं पोट म्हणजे मंडळाची मिळकत होती."

"होती," वामनराव म्हणाले.

"असू दे. उशी बांधू. लांबून कळणार नाही."

मला वाटलं, आता ते काहीतरी चटकदार बोलून वेळ मारून नेतील. तसं झालं नाही. ते म्हणाले, "बकासुर मी करीन, तात्या. पण उशी बांधणार नाही. आणि तुम्ही कापलेलं स्वगत मला परत हवंय. पुरं."

"लोक ते ऐकणार नाहीत."

"मग तो दोष माझा. पुन्हा मागणार नाही."

"आणि लोक हसले नाहीत तर?"

"हसले नाहीत तर बरं," वामनराव म्हणाले.

तात्या तणतणत गेले. पण उत्सव तोंडावर आला होता आणि दुसरा माणूस नव्हता. डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासून परवानगी दिली, आणि पहिल्या रांगेत मला जागा ठेवा म्हणाले.

त्या संध्याकाळी मांडव भरून वाहत होता. ओगले परत येणार म्हणून कल्याणहून मालधक्क्याची मंडळी आली होती. बकासुराच्या प्रवेशाचा ढोल वाजला आणि लोक हसायच्या तयारीनेच पुढे सरकले. वामनराव आले. नुसते आले. काळं वस्त्र, कपाळाला राख, मिश्या. पोट होतं, पण ते हलवत नव्हते. कुणीतरी मागून सवयीने खिदळलं, दोन-चार जण हसले. वामनराव थांबून राहिले, हसू संपू दिलं आणि स्वगत सुरू केलं.

मी वही हातात धरून उभा होतो, पण तिच्याकडे बघितलं नाही. बकासुर सांगत होता की जन्मताना आपल्याला कुणी राक्षस म्हटलं नव्हतं. गावाने पहिला गाडा आपण होऊन पाठवला. मग दुसरा आला. आपण खाल्लं, कारण गाडा आणणारे थांबून बघत होते. आता भूक कधीच संपली आहे. पण गाडा यायचा थांबला तर ह्या रानात आपल्याकडे येणार कोण? तात्यांनी हे लिहिलं तेव्हा त्यांना त्यात काय लिहिलंय हे कळलं असेल असं मला वाटत नाही. वामनराव ते ओरडून बोलले नाहीत. रविवारी ओट्यावर बातमी वाचावी तसे बोलले, आणि शेवटच्या रांगेत शब्दन् शब्द पोचला. मांडवात पोरंसुद्धा गप्प होती. माझ्या शेजारी तात्या दोरी धरून उभे होते. त्यांनी खांद्याला डोळे पुसले.

आणि मग झुंज. तोच भीम, तोच तरणा पोरगा, मधल्या दोन वर्षांत लग्न होऊन थोडा सुटलेला. तो वामनरावांना फिरवायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की हा माणूस फिरत नाही. वामनरावांचे पाय घट्ट रोवलेले होते. त्यांनीच भीमाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेटत नेला, परत आणला, पुन्हा नेला. लोक आता उभे राहिले होते. भीमाला धाप लागली. विंगेजवळ आल्यावर तो माझ्या कानाशी म्हणाला, "मास्तर, त्यांना सांगा ना पडायला."

वामनरावांनी ऐकलं. ते वेळेवर, गदेच्या घावानंतरच पडले, आणि एवढे डौलाने पडले की टाळ्या थांबेनात. पडदा पडल्यावर ते आपले आपण उठून बसले. श्वास जोरात चालला होता, पण ओठ लाल होते. डॉक्टर सबनीस मागच्या बाजूने आत आले, नाडी धरली आणि म्हणाले, "ठीक." मग त्यांनी पहिल्यांदाच हसून वामनरावांच्या पाठीवर थाप मारली. इंदूताई दारात उभी होती. तिने पुढे येऊन त्यांच्या कपाळावरची राख पदराने पुसली, सगळ्यांसमोर.

तात्या दोरी गुंडाळत जवळ आले. घसा खाकरून म्हणाले, "वामनराव, पुढच्या वर्षी शकुनी बसवतोय. कराल का?"

इतक्या वर्षांत तात्यांनी त्यांना अहो-जाहो केलेलं मी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर वामनरावांनी शकुनी केला, धृतराष्ट्र केला, सामाजिक नाटकात एकदा प्रेमळ सासरा केला. वजन कधी थोडं वाढे, कधी उतरे. सडपातळ ते झाले नाहीत. सकाळी ठाकुर्लीच्या वाटेवर मात्र ते दिसायचेच, आणि पुढे पुढे त्यांच्यामागून चाळीतली आणखी चार-सहा माणसं चालू लागली. त्यांत एका वर्षी तात्या फणसेही होते.

माझी बदली नाशकाला झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी वामनरावांकडे गेलो तर ते दोघं बाहेर पडायच्या तयारीत होते. इंदूताईच्या भाचीचं बाळंतपण झालं होतं, आणि ते खाडीपलीकडे मानकोलीला बाळाला पाहायला निघाले होते. मी मोठागावच्या धक्क्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. भरतीची वेळ होती. वाटेत वामनरावांनी सांगितलं की पूर्वी ह्या होडीत बसायचं म्हणजे मरण वाटायचं. नावाडी लांबूनच त्यांना बघून बाकीच्यांना उठवायचा, सगळ्यांची जागा नव्याने लावायचा, आणि पलीकडे पोचेपर्यंत होडीभर तोच विषय असायचा. म्हणून कित्येक वर्षं ते खाडी ओलांडून गेलेच नव्हते.

आम्ही धक्क्यावर पोचलो. नावाडी नवा होता. होडीत मिठाच्या गोणी घेऊन एक व्यापारी बसला होता. नावाडी त्याच्यावर ओरडला, "शेट, गोनी मदी घ्या. नाय तं होरी कलंडल." मग वळून म्हणाला, "चला, बसा लवकर, वारा फिरंल." तो हे वामनरावांना म्हणाला, पण त्यांच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. उतारू म्हणजे उतारू.

वामनराव माझ्याकडे वळले. डोळे चमकत होते. "ऐकलंत?" ते म्हणाले.

"काय?"

"काही बोलला नाही तो."

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, मग चपला काढून हातात धरल्या आणि इंदूताईला आधार देत होडीत उतरले. कडेच्या फळीवर, जागा होती तिथे बसले. होडी किंचित हलली आणि निघाली. मी बराच वेळ धक्क्यावर उभा होतो. पाण्यावर ऊन पडलं होतं, आणि होडी मधोमध गेली तेव्हा तिच्यात बसलेली सगळी माणसं एकसारखी दिसू लागली. त्यातले वामनराव कोणते, ते मला धक्क्यावरून ओळखता येईना.